विश्लेषण : ऑलिम्पिक पदक, कॉलेजचं विजेतेपद की सांबो? एमएमएच्या पिंजऱ्यात कुस्तीचा कोणता 'बायोडेटा' चालतो?

मे २०२५. अमेरिकेतल्या आयोवा या कुस्तीवेड्या राज्यात बो निकल लढायला उतरला, तेव्हा त्याच्या नावापुढे एकही पराभव नव्हता. पेन स्टेट विद्यापीठाकडून खेळताना त्याने २०१७, २०१८ आणि २०१९ असं सलग तीन वर्षं अमेरिकेचं कॉलेज कुस्तीचं सर्वोच्च विजेतेपद जिंकलं होतं. त्याच्यासमोर होता ज्युडो आणि जिउ-जित्सू शिकलेला नेदरलँड्सचा रेनिएर डी रिडर. दुसऱ्या फेरीत डी रिडरचा गुडघा पोटात बसला, निकल खाली कोसळला आणि लढत संपली.

तीनच महिन्यांनी, ऑगस्ट २०२५ मध्ये, त्याच मिडलवेट गटाचा किताब खमझात चिमाएवने जिंकला. ड्रिकस डू प्लेसीला त्याने पुन्हा पुन्हा खाली पाडलं आणि २५ मिनिटांच्या लढतीत २१ मिनिटांहून अधिक काळ आपल्या ताब्यात ठेवलं. हा विजय सरळ सरळ कुस्तीचा होता. पण कुस्तीपटू म्हणून चिमाएवची मोठी ओळख एवढीच, की तो स्वीडनचा राष्ट्रीय विजेता होता. ऑलिम्पिक किंवा जागतिक स्पर्धेचं पदक त्याच्याकडे नाही.

मग मिक्स्ड मार्शल आर्ट्स म्हणजेच एमएमएमध्ये कुस्तीतल्या पदकांना किंमत किती? लढतीआधी पडद्यावर 'ऑलिम्पिक पदकविजेता', 'डिव्हिजन वन ऑल-अमेरिकन', 'सांबो विश्वविजेता' अशी बिरुदं झळकतात. त्यांची आपसात तुलना करता येते का?

'ऑल-अमेरिकन' म्हणजे नेमकं काय?

एमएमएमधल्या बहुतेक अमेरिकन कुस्तीपटूंची ओळख एनसीएए या कॉलेज क्रीडा संघटनेच्या स्पर्धांमधून येते. तिच्यात तीन स्तर आहेत. डिव्हिजन वन सर्वात वरचा, त्याखाली टू आणि थ्री. दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजांची स्पर्धा वेगळी असते.

डिव्हिजन वनच्या राष्ट्रीय स्पर्धेत दहा वजनी गट असतात आणि प्रत्येक गटात ३३ मल्ल. त्यातले पहिले आठ 'ऑल-अमेरिकन' ठरतात. म्हणजे हे बिरुद विजेत्यालाही मिळतं आणि आठव्या क्रमांकावर राहिलेल्यालाही. जस्टिन गेथजी हा ऑल-अमेरिकन आहे आणि डॅनिएल कॉर्मिएसुद्धा. पण गेथजी २०१० मध्ये सातवा आला होता, तर कॉर्मिए २००१ मध्ये थेट अंतिम फेरीत पोहोचला होता. तिथे त्याला हरवणारा केल सँडरसन चार वर्षांच्या कॉलेज कारकिर्दीत एकदाही हरला नाही. बिरुद एकच असलं तरी दोघांच्या कामगिरीत मोठं अंतर आहे.

फ्रीस्टाइल, ग्रीको-रोमन, फोकस्टाइल : फरक कुठे पडतो?

महाराष्ट्रातल्या वाचकाला हा भाग समजायला सोपा आहे. महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग असतात. मातीवर चीतपटीचं महत्त्व, गादीवर गुणांचं गणित. एका विभागातला मल्ल दुसऱ्यात तसाच चमकेल याची खात्री कुणी देत नाही. जागतिक कुस्तीतही असेच वेगवेगळे प्रकार आहेत.

ऑलिम्पिकमध्ये दोन प्रकार खेळले जातात. फ्रीस्टाइलमध्ये पायांची पकड चालते, त्यामुळे एकेरी पट आणि दुहेरी पट ही मुख्य हत्यारं. प्रतिस्पर्ध्याची पाठ गादीकडे वळवली की झटपट गुण मिळतात. मात्र खाली गेलेली कुस्ती रेंगाळली की पंच दोघांना लगेच उभं करतात. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली पकड करायला मनाई असते. सगळा खेळ छातीला छाती भिडवून चालतो.

अमेरिकन कॉलेजांत खेळली जाते ती फोकस्टाइल. तिच्यात खाली पाडलेल्या मल्लाला तिथेच दाबून ठेवणं महत्त्वाचं असतं. वर असलेल्याचा ताबा एक मिनिटाने जास्त भरला, तर त्याचा वेगळा गुण मिळतो. खालच्याला सुटून उभं राहिल्याबद्दल गुण मिळतो. त्यामुळे चार-पाच वर्षं कॉलेजात कुस्ती करणारा मुलगा दाबून ठेवणं आणि सुटून उठणं या दोन गोष्टी रोज घोटून घेतो.

एमएमएच्या पिंजऱ्यात याच दोन गोष्टींची गरज सर्वाधिक पडते. तिथे प्रतिस्पर्ध्याचे खांदे टेकले म्हणून लढत संपत नाही. उलट खरी लढत तिथून सुरू होते. म्हणूनच कॉलेजचं विजेतेपद जगाच्या नजरेत ऑलिम्पिक पदकापेक्षा लहान असलं, तरी पिंजऱ्यात अनेकदा त्याचा उपयोग जास्त होतो. ग्रीको-रोमनवाल्यांची मेहनतही वाया जात नाही. जाळीला टेकून चालणाऱ्या झटापटीत त्यांची वरच्या अंगाची पकड कामाला येते. १९९२ आणि १९९६ ची ऑलिम्पिक खेळलेला डॅन हेंडरसन हे त्याचं ठळक उदाहरण.

ऑलिम्पिक पदकविजेते पिंजऱ्यात किती यशस्वी ठरले?

सर्वात झळाळतं उदाहरण हेन्री सेहुडोचं. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये ५५ किलो फ्रीस्टाइल गटात त्याने सुवर्ण जिंकलं तेव्हा तो २१ वर्षांचा होता. पुढे २०१८ मध्ये त्याने डेमेट्रियस जॉन्सनला हरवून यूएफसीचा फ्लायवेट किताब घेतला आणि २०१९ मध्ये बँटमवेटचाही. विशेष म्हणजे सेहुडो कॉलेज कुस्ती खेळलाच नाही. तो थेट ऑलिम्पिक प्रशिक्षण केंद्रातून तयार झाला होता. म्हणजे फोकस्टाइल नसेल तर पिंजऱ्यात निभाव लागत नाही, असंही म्हणता येत नाही.

क्युबाचा योएल रोमेरो १९९९ चा विश्वविजेता आणि २००० च्या सिडनी ऑलिम्पिकचा रौप्यविजेता. कुस्तीतल्या कामगिरीचा विचार केला, तर यूएफसीत त्याच्या तोडीचे मल्ल मोजकेच झाले. तरीही यूएफसीचा किताब त्याच्या हाती लागला नाही. एमएमएत पदार्पण केलं तेव्हा त्याचं वय ३२ होतं, हेही लक्षात घ्यायला हवं.

केविन जॅक्सनची कहाणी त्याहून कठोर. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकचा हा सुवर्णविजेता डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये यूएफसीच्या किताबासाठी फ्रँक शॅमरॉकसमोर उतरला. शॅमरॉकने त्याचा हात सांध्यात अडकवला आणि १६ सेकंदांत जॅक्सनला हार मानावी लागली. २००४ च्या अथेन्समध्ये रौप्य जिंकणारी सारा मॅकमन २०१४ मध्ये राँडा राउझीसमोर ६६ सेकंद टिकली. राउझी स्वतः ज्युडोतली ऑलिम्पिक कांस्यविजेती होती. त्या रात्री मात्र काम केलं ते पोटात बसलेल्या गुडघ्याने.

या पराभवांत एक साम्य आहे. ज्या गोष्टीने घात केला, ती कुस्तीच्या नियमांत बसतच नाही. सांधा मुडपणं, गळा आवळणं, गुडघा मारणं याची सवय गादीवर कधी लागत नाही.

कागदावर लहान मल्लाने मोठ्याला पाडलं, असं झालं आहे का?

अनेकदा. सर्वात गाजलेली लढत जानेवारी २०१५ ची. एका बाजूला कॉर्मिए : दोनदा ऑलिम्पिक संघात निवड, २००४ मध्ये चौथा क्रमांक, २००७ च्या जागतिक स्पर्धेत कांस्य. दुसऱ्या बाजूला जॉन जोन्स, ज्याची कुस्तीतली मोठी कमाई म्हणजे ज्युनियर कॉलेजचं राष्ट्रीय विजेतेपद. कागदावर ही तुलनाच नव्हती. प्रत्यक्षात पहिल्याच फेरीत जोन्सने कॉर्मिएला उचलून खाली आणलं आणि पाच फेऱ्यांनंतर पंचांच्या निर्णयावर लढत जिंकली. लांब हात, लाथा आणि कोपरांच्या भीतीने कॉर्मिएला आपल्या अंतरावर खेळताच आलं नाही.

जॉर्जेस सेंट-पिएरचं उदाहरण आणखी बोलकं आहे. कॅनडाचा हा खेळाडू कराटेतून आला. कुस्तीची एकही मोठी स्पर्धा त्याच्या नावावर नाही. पण मॉन्ट्रियलमध्ये कॅनडाच्या अव्वल मल्लांसोबत त्याने सराव केला आणि ऑगस्ट २००७ मध्ये २००१ चा एनसीएए विजेता जॉश कॉस्चेक याला त्याच्याच खेळात मागे टाकलं. ठोशाचा हूल देऊन पटात शिरायचं, हे टायमिंग त्याला साधलं होतं. गादीवर ठोसा मारायचाच नसल्यामुळे निव्वळ कुस्तीत हे कौशल्य लागतच नाही.

डब्ल्यूडब्ल्यूईमुळे घराघरांत पोहोचलेला ब्रॉक लेस्नर खराखुरा मल्ल होता, हे अनेकांना माहीत नसतं. २००० मध्ये मिनेसोटा विद्यापीठाकडून तो हेवीवेट गटात एनसीएए विजेता ठरला. यूएफसीतल्या पहिल्याच लढतीत, २००८ मध्ये, फ्रँक मीरने ९० सेकंदांत त्याचा गुडघा पकडून त्याला हार मानायला लावली. त्याच वर्षी लेस्नरने रँडी कुट्यूरला हरवून किताब जिंकला. २०१० मध्ये तो किताब हिसकावणारा केन व्हेलास्केझ कॉलेजमध्ये पाचव्या आणि चौथ्या क्रमांकावर राहिला होता, विजेता कधीच नव्हता.

बेन आस्क्रेन २००६ आणि २००७ चा एनसीएए विजेता. यूएफसीबाहेरच्या संघटनांत त्याने किताब जिंकले. पण यूएफसीत जुलै २०१९ मध्ये तो पटात शिरायला वाकला आणि जॉर्ज मासव्हिडालचा उडता गुडघा थेट डोक्यावर बसला. लढत पाच सेकंदांत संपली.

खबीबकडे कुठलं पदक होतं?

२९ पैकी २९ लढती जिंकून निवृत्त झालेला खबीब नुरमागोमेदोव याच्याकडे ऑलिम्पिक कुस्तीचं काहीच नाही. दागेस्तानमध्ये लहानपणापासून तो कुस्ती शिकला, पुढे ज्युडो आणि कॉम्बॅट सांबो. या सांबोत पकडींसोबत ठोसे-लाथाही चालतात. त्यातलं विश्वविजेतेपद त्याने मिळवलं. त्याचा सहकारी इस्लाम माखाचेवही याच वाटेने आला.

सांबोचं विश्वविजेतेपद आणि ऑलिम्पिक पदक एकाच तराजूत ठेवता येत नाही. सांबोत स्पर्धा तुलनेने मर्यादित देशांची. पण पिंजऱ्यातल्या नियमांशी तो खेळ कितीतरी जवळचा आहे. शिवाय दागेस्तानसारख्या छोट्या प्रदेशात ऑलिम्पिक दर्जाचे इतके मल्ल आहेत, की तिथल्या साध्या सरावातली झटापटही मोठ्या स्पर्धेच्या तोडीची असते. हा सराव कुठल्याही बायोडेटात दिसत नाही.

दोन्ही बाजूंना तगडे मल्ल असतील तर?

अशा वेळी अनेकदा कुस्ती होतच नाही. डिसेंबर २०१९ मध्ये डिव्हिजन टूचा विजेता कमारू उस्मान आणि डिव्हिजन वनचा ऑल-अमेरिकन कोल्बी कोविंग्टन समोरासमोर आले. लढत पाचव्या फेरीपर्यंत चालली, पण कुणीच कुणाला खाली पाडलं नाही. शेवटी उस्मानने ठोशांवर ती संपवली. एकमेकांची कुस्ती कापली गेली की उरतं ते उभ्याने लढणं.

इतिहासाकडे पाहिलं तरी हेच दिसतं. १९८८ चा एनसीएए विजेता मार्क कोलमन फेब्रुवारी १९९७ मध्ये यूएफसीचा पहिला हेवीवेट विजेता ठरला. खाली पाडायचं आणि वरून ठोसे मारायचे, ही त्याची पद्धत तेव्हा अजिंक्य वाटत होती. जुलैमध्ये मॉरिस स्मिथ या किकबॉक्सरने खाली पडून टिकाव धरायला शिकून त्याला दमवलं आणि हरवलं. तेव्हापासून निव्वळ कुस्तीवरची मक्तेदारी कमी कमी होत गेली. आजच्या नियमांत तर पंचांनी नुसत्या पाडण्याला फारशी किंमत द्यायची नसते. पाडल्यावर पुढे काय इजा केली, हे ते बघतात.

मग तुलना करायची कशी?

पदकाचं नाव वाचून थांबण्याऐवजी काही प्रश्न विचारले, तर चित्र स्पष्ट होतं. कुस्ती कोणत्या प्रकारची आणि कोणत्या स्तरावरची? ते यश मिळून किती वर्षं झाली आणि पिंजऱ्यात उतरताना वय किती होतं? ठोसे, लाथा आणि गळा-सांध्यांचे डाव शिकायला किती वेळ दिला? पिंजऱ्यात आतापर्यंत कुणाकुणाला पाडलं? आणि पाडल्यावर ताबा किती वेळ टिकला? शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं कुठल्याही बिरुदापेक्षा जास्त सांगतात.

भारतीय मल्लांसाठी यात काय आहे?

हा प्रश्न आता फक्त अमेरिकेचा उरलेला नाही. २०१७ मध्ये शांघायला यूएफसीत उतरलेला भरत खंडारे कुस्तीतूनच आला होता. सोंग याडोंगने त्याची मान बगलेत धरून गळा आवळला आणि पहिल्याच फेरीत लढत संपली. २०१७ च्या २३ वर्षांखालील जागतिक स्पर्धेत रौप्य जिंकणारी रितू फोगाट २०१९ मध्ये वन चॅम्पियनशिपकडे वळली. पाडण्याच्या जोरावर तिने थेट २०२१ च्या ग्रां प्रीची अंतिम फेरी गाठली. तिथे किकबॉक्सिंगमधून आलेल्या स्टँप फेअरटेक्सने तिचा हात सांध्यात अडकवून तिला हरवलं.

दोघांचा घात कुस्ती कमी पडल्याने झाला नाही. गळा आणि हात वाचवायची सवय कमी पडली. तालमीतून पिंजऱ्याकडे जाऊ पाहणाऱ्या मुलासाठी ही बाब थेट करिअरची आहे. तिशी उलटल्यावर पदक घेऊन उतरायचं, की विशीतच कुस्तीसोबत जिउ-जित्सू आणि बॉक्सिंग सुरू करायचं, हे त्याला ठरवावं लागतं.

बो निकलने पराभवानंतर नोव्हेंबर २०२५ मध्ये पुनरागमन केलं. त्याच्यासमोरचा रोडोल्फो व्हिएरा जिउ-जित्सूचा विश्वविजेता होता. तीन वेळच्या या कॉलेज विजेत्याने ती लढत डोक्यावर बसलेल्या लाथेने जिंकली.