शाळा, सैन्य आणि मैदान

सन २०२५ च्या जून महिन्यांत राज्याचे शालेय शिक्षणमंत्री श्री. दादा भुसे ह्यांनीं पहिल्या इयत्तेपासून मुलांस प्राथमिक लष्करी शिक्षण देण्याचा, व त्या कामीं माजी सैनिकांचें साहाय्य घेण्याचा मनोदय प्रकट केला. हेतूविषयीं आमचा वाद नाहीं. परंतु अंधेरी-बोरिवलीकडील साध्या सार्वजनिक हायस्कुलांत ही गोष्ट उतरेल कशी, हा विचार आधीं व्हावयास पाहिजे. कारण शेतकऱ्याचीं, कोळ्याचीं व मजुराचीं मुलें तेथेंच शिकतात.

सैन्य आणि शाळा ह्यांचा संबंध महाराष्ट्रास नवा नाहीं. नाशिक येथें डॉ. मुंजे ह्यांनीं १९३७ सालीं भोंसला मिलिटरी स्कूल काढलें. साताऱ्यास १९६१ सालीं सैनिक शाळा निघाली. पुढें २०२१ सालीं केंद्र सरकारनें राज्यें व खासगी संस्था ह्यांच्या भागीदारीनें आणखी शंभर सैनिक शाळांची योजना मंजूर केली. ह्या शाळांची योग्यता मोठी. पण प्रवेशपरीक्षेच्या चाळणींतून उरतील तेवढ्याच मुलांस त्यांचा लाभ.

साध्या हायस्कुलाकरितां खरी व्यवस्था एन.सी.सी.ची. पंडित हृदयनाथ कुंझरू ह्यांच्या समितीच्या शिफारशीवरून १९४८ च्या कायद्यानें ती स्थापन झाली, व १९४९ सालीं मुलींचा विभागही निघाला. ही भागीदारी सरळ आहे. कवायत शिकविणारा हवालदार सैन्याच्या व्यवस्थेंतून येतो, खर्चाचा भार केंद्र व राज्य सरकार वांटून घेतात, आणि शाळेनें द्यावयाचें तें शिक्षक व जागा. शाळेंतीलच एक मास्तर निवडला जातो, नागपुराजवळ कामठीस जाऊन शिक्षण घेतो, आणि परत येऊन मुलांचा अधिकारी होतो. दोन वर्षें टिकून परीक्षा उतरणारास 'अ' प्रमाणपत्र मिळतें. सैन्यांत गेलेंच पाहिजे असें बंधन कोणावरही नाहीं.

आतां सैन्य आपला वांटा देतें असें धरलें, तरी शाळेचा वांटा कोठें आहे? आधीं जागेचें पाहूं. मीं महसूल खात्यांत कारकुनी केली. भाताचीं खाचरें बिनशेती होऊन त्यांवर इमारती उठल्याचीं प्रकरणें माझ्या टेबलावरून गेलीं. नकाशांत 'खेळाचें मैदान' असा शेरा असे. पुढें त्या ठिकाणीं जावें तों कोठें झोपड्या, कोठें गाड्यांचा तळ. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टांत प्रत्येक शाळेस मैदान असावें असें स्पष्ट लिहिलें आहे. तरीही एका शाळेचीं मुलें रिक्षांच्या दोन रांगांमधील गल्लींत संचलन करितांना मीं पाहिलीं आहेत. हवालदार 'दाहिने मूड' म्हणे, आणि अर्धी रांग भिंतीवर जाई.

दुसरी गोष्ट मास्तरांची. येथें मला स्वतःकडेही दोष घेणें प्राप्त आहे. निवडणुकीच्या कामास शिक्षकांस बोलाविण्याचे हुकूम मीं ह्याच हातांनीं लिहिले आहेत. त्या याद्यांत एन.सी.सी.चा मास्तर कोण, हें पाहण्याची आम्हांस कधीं बुद्धि झाली नाहीं. तो मतदारयाद्या घेऊन दारोदार फिरे, आणि त्याचीं मुलें त्या दिवशीं कवायतीविना घरीं जात. जो मास्तर कामठीहून शिकून आला, त्यास त्या कामासाठीं मोकळें ठेवणें हें खर्चाचें नव्हे, केवळ इच्छेचें काम आहे.

कोणी म्हणतील, कोवळ्या मुलांच्या मनांत युद्ध कशाला भरवितां? ही शंका हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. सातारा जिल्ह्यांतील अपशिंगे ह्या एका गांवचे ४६ जवान पहिल्या महायुद्धांत पडले. सैन्याची किंमत कुणब्याच्या घरास कोणी शिकवावी असें नाहीं. म्हणूनच पहिलीच्या मुलास आम्ही खेळूं द्यावें म्हणतों. आठवीचा मुलगा वा मुलगी मात्र वेळेवर येणें, रांगेंत सर्व जातींच्या मुलांशीं खांद्यास खांदा लावणें, हें शिकली तर तें कोणत्याही धंद्यांत उपयोगी पडेल. आणि ज्यास सैन्यांत जावयाचें आहे, त्यास प्रमाणपत्राचे जादा गुण भरतींत मिळतात. ते गरिबाच्या मुलास मिळूं नयेत काय? सधन खासगी शाळेस स्वतःच्या खर्चानें पथक घेण्याची सोय झाली आहे. ज्या शाळेपाशीं पैसाही नाहीं व मैदानही नाहीं, ती मागें राहते.

सक्तीनें हें काम होत नाहीं, हाही अनुभव आहे. चिनी आक्रमणानंतर १९६३ सालीं महाविद्यालयांत एन.सी.सी. सक्तीची झाली, व १९६८ सालीं ती पुन्हा ऐच्छिक करावी लागली. तेव्हां सर्व इयत्तांवर पातळ शिंपण करण्यापेक्षां आमची सूचना अशी: प्रथम प्रत्येक महानगरपालिकेच्या व अनुदानित हायस्कुलाचें मैदान जागेवर मोजून पाहावें. जेथें तें नाहीं, तेथें जवळच्या सरकारी मोकळ्या जागेचे सकाळचे दोन तास ठरवून द्यावे. कांदिवलीस लष्कराचें भांडार आहे, मालाडास मार्व्याकडे नौदलाचा तळ आहे. सुरक्षिततेस बाध न येतां त्यांच्या आवाराबाहेरची एखादी जागा मिळते काय, हें निदान विचारून तरी पाहावें. ह्यानंतर पथक, आणि पथकाच्या मास्तरास निवडणुकीच्या कामांतून सूट.

आपण शेतकरी आहों. राबांत रोप कितीही दाट व हिरवें दिसलें, तरी लावणीस खाचर नसेल तर त्याचा भात होत नाहीं. मंत्रिमहाशयांनीं बीं आणिलें आहे. खाचर कोठें आहे तें आधीं दाखवावें, एवढीच विनंती.