उचलणे निराळे, धरून ठेवणे निराळे

मुंबईच्या उपनगरांत मोडत असूनही मनोरी हे गाव मोटारीस आडवळणाचेच आहे. पायी येणारा मनुष्य मार्व्यास बोटीत बसतो व थोड्याच वेळात खाडी ओलांडून ह्या तीरास लागतो. परंतु मोटार आणावयाची म्हणजे भाईंदर, उत्तन, गोराई असा मोठा वळसा. ह्यामुळे गाडी थोडीफार बिघडली तर ती दूरच्या गॅरेजात नेण्यापेक्षा दारातच उघडून पाहावी, अशी प्रवृत्ती येथे साहजिकच वाढली आहे. त्यातूनच चाकांवर ढकलता येणारा, तेलाच्या दाबाने चालणारा ट्रॉली जॅक, जो पूर्वी केवळ मिस्त्रीच्या दुकानी दिसे, तो आता कित्येक घरांच्या पडवीत येऊन बसला आहे. पंक्चर झालेले चाक बदलण्यापासून सायलेन्सर बांधण्यापर्यंत सर्व कामे त्याच्या भरवशावर होतात, आणि वडील गाडीखाली शिरले असता दांडा धरून उभा राहणारा मुलगा बहुधा आमच्याच शाळेचा विद्यार्थी असतो. म्हणून ह्या विषयावर चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आमचे मत प्रथमच सांगून टाकतो. ज्या घरात जॅक येईल, त्या घरात त्याच दिवशी लोखंडी घोड्यांची एक जोडीही आली पाहिजे. दोन्हींपुरते पैसे हाती नसतील तर जॅकही घेऊ नये. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नव्हे. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली हातभर देखील शरीर घालणे हे धाडस नसून अविचार होय. बाजारात जिला जॅक स्टँड म्हणतात तीच ही घोडी. रंगारी ज्या घोडीवर उभा राहून भिंत रंगवितो, तिचीच ही ठेंगणी बहीण समजावी.

ह्यावर आमचे विद्यार्थी विचारतील की, पास्कलचा नियम आम्ही शिकलो आहो, मग तेलावर विश्वास का ठेवू नये? प्रश्न योग्य आहे, व त्याचे उत्तर त्याच नियमात आहे. ब्लेझ पास्कल (1623–1662) ह्या फ्रेंच विद्वानाने असे दाखविले की, बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांस सारखाच पोहोचतो. इंग्लंडात जोसेफ ब्रामा ह्याने 1795 साली ह्याच तत्त्वावरील दाबयंत्राचे पेटंट घेतले, व अमेरिकेत रिचर्ड डजन ह्याने 1851 साली उचलून नेता येण्याजोग्या जॅकचे. आता आपल्या दारातील जॅककडे पाहा. दांड्यावर आपण 10 किलो भार दिला व दांड्याच्या तरफेने तो दहापट झाला, तर लहान दट्ट्यावर 100 किलो पडतात. ह्या दट्ट्याचे क्षेत्रफळ 1 चौरस सेंटिमीटर व मोठ्या दट्ट्याचे 20 चौरस सेंटिमीटर धरले, तर मोठ्या दट्ट्यावर 2000 किलोंचा जोर उत्पन्न होतो. पुढे उचलणाऱ्या भुजेत त्यातील बराच भाग खर्ची पडतो, तरी गाडीचे तोंड वर करण्यास उरलेला पुरेसा होतो. निसर्ग मात्र फुकट काहीच देत नाही. लहान दट्ट्या 2 सेंटिमीटर दाबावा तेव्हा मोठा केवळ 1 मिलिमीटर सरकतो. म्हणूनच दांडा इतक्या वेळा मारावा लागतो.

येथपर्यंत सर्व ठीक. परंतु ह्या उदाहरणात तेलाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर 100 किलो दाब आहे हे ध्यानात घ्या. तो दाब अडवून धरणाऱ्या वस्तू कोणत्या? एक पोलादी गोळी, जी आपल्या बैठकीवर बसून तेलाची परतीची वाट बंद करते. आणि रबराची काही कडी. त्या गोळीखाली वाळूचा एक कण अडकला, किंवा रबर जुने होऊन त्यास चीर गेली, तर तेल परत फिरते व गाडी खाली येते. कधी ती इतकी हळू उतरते की कोणाच्या लक्षातही येऊ नये, आणि कधी क्षणार्धात. पास्कलचा नियम खोटा ठरत नाही. नियमास जे बंद भांडे हवे असते ते बंद राहत नाही, इतकेच. आणि आमच्या गावी तर वाऱ्यात मीठ व पायाखाली वाळू. चकचकीत दट्ट्यावर खाऱ्या हवेने गंज चढला की त्याचे बारीक खड्डे कानसेप्रमाणे रबर खातात. शहरात पाच वर्षे टिकणारा जॅक येथे तितका टिकेल असे कोणी गृहीत धरू नये.

वस्तुतः ही गोष्ट मनोरीच्या लोकांस परक्याने शिकवावी लागू नये. पावसाळ्याच्या तोंडी होडी वर ओढून घेतली म्हणजे आपले कोळी बांधव काय करतात? ओढणारा दोर कितीही जाड असो, त्याच्या जोरावर होडी तशीच सोडून कोणी तिच्या तळाशी बसून डांबर लावीत नाही. आधी दोन्ही अंगांस लाकडी टेकू बसतात, ते हलवून पाहिले जातात, मग माणसे खाली जातात. रेल्वेच्या कारखान्यांतही डबा उचलून झाला म्हणजे तो भक्कम आधारांवर टेकवितात आणि मगच खालचे काम चालते. समुद्रावर जे शहाणपण आपण रोज पाळतो, ते अंगणात गाडीसमोर मात्र विसरतो, ह्याचे आम्हांस आश्चर्य वाटते.

आता निवडीविषयी. दुकानात गिऱ्हाईक बहुधा 'किती टनाचा?' एवढाच प्रश्न करते. आल्टोसारखी लहान मोटार सुमारे साडेसातशे किलोंची असते, आणि जॅकवर एका वेळी तिचे एक टोकच येते. अशा गाडीस 2 टनांचा जॅक भरपूर झाला. बोलेरो, इनोव्हा ह्यांसारख्या दीड-दोन टनांच्या गाड्यांस 3 टनांचा घ्यावा. माल भरलेला टेम्पो मात्र आधी रिकामा करावा. भरल्या गाडीस जॅक लावण्याची हौस कोणी करू नये. टनांपेक्षाही महत्त्वाच्या दोन उंची आहेत. जॅकची वाटी सर्वांत खाली असता जमिनीपासून किती उंच असते, व सर्वांत वर असता किती? चाकातील हवा गेली म्हणजे गाडी खाली बसते, आणि चांगल्या चाकावर सहज आत जाणारा जॅक नेमक्या त्या वेळी आत शिरत नाही. म्हणून घरून निघण्यापूर्वी गाडीच्या दाराखालची कड मोजावी, त्यातून चार-पाच सेंटिमीटर वजा करावे, व तो आकडा कागदावर लिहूनच दुकानात जावे. स्वस्त व वजनाने हलका जॅक उचलून नेण्यास सोपा खरा; पण त्याची रुंदीही कमी असते, आणि गाडी कलंडू नये ह्यासाठी रुंदीच कामास येते.

वाटी कोठे टेकवावी हे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत चित्रासह दिलेले असते. ती पुस्तिका बहुतेकांच्या घरी प्लॅस्टिकच्या पिशवीत न उघडता पडलेली असते. दाराखालच्या दुमडलेल्या कडेवर खाचा करून दाखविलेली जागा, किंवा पुस्तिकेत सांगितलेली मजबूत आडवी पट्टी, ह्यांवाचून अन्यत्र जॅक लावू नये. इंजिनाखालचा चेंबर हाताशी सापडतो म्हणून त्यास टेकविणे म्हणजे पाच मिनिटांच्या कामासाठी इंजिनाचे तेल जमिनीवर सांडणे होय.

जमिनीचा प्रश्न आमच्या गावी सर्वांत बिकट. ट्रॉली जॅकची भुजा सरळ वर जात नाही. ती वर्तुळाच्या कंसात फिरते. त्यामुळे गाडी जसजशी उचलली जाते, तसतसा जॅक आपल्या चाकांवर किंचित पुढे सरकावा लागतो. सिमेंटच्या फरशीवर तो सरकतो. वाळूत, मुरमात किंवा उखडलेल्या फरशीच्या फटीत त्याची लोखंडी चाके रुततात. मग जॅक सरकत नाही, म्हणून वाटीच गाडीखालून सरकते. किनाऱ्यावर गाडी रुतली असता वाळूत जॅक लावून चाकाखाली दगड भरण्याचा प्रकार सुटीच्या दिवशी येथे नेहमी दिसतो, व तो पाहताना आमच्या छातीत धस्स होते. अशा वेळी गाडी ओढून घट्ट जमिनीवर आणावी, हाच मार्ग. वैशाखात डांबरी रस्ताही मऊ पडतो हे विसरू नये. उतारावर तर जॅक लावूच नये.

गाडी मागेपुढे हलू नये ह्यासाठी लोक हँडब्रेक ओढतात व निश्चिंत होतात. येथे थोडा विचार केला पाहिजे. बहुतेक मोटारींत हँडब्रेक मागील चाकांस लागतो. मागचा भाग जॅकने उचलला की ती दोन्ही चाके अधांतरी होतात, आणि अधांतरी चाकास लावलेला ब्रेक गाडीस काय धरणार? कोणी म्हणेल, गाडी गिअरमध्ये ठेवू. लहान मोटारींत इंजिनाची शक्ती पुढील चाकांस जाते, तेथे ही युक्ती काही अंशी चालेल. पण ईको, बोलेरो, छोटा हत्ती ह्या गाड्यांत ती मागील चाकांसच जाते. म्हणजे ह्या गाड्यांचा मागचा भाग उचलताच हँडब्रेक व गिअर दोन्ही एकदम निरुपयोगी होतात. आणखी एक गंमत पाहा. गिअरची शक्ती ज्या दोन चाकांस जाते त्यांपैकी एकच उचलले, तर त्यांच्यामधील डिफरन्शियलमुळे जमिनीवरचे चाक फिरू लागते व अधांतरीचे उलट फिरते. गिअर जागच्या जागी राहून गाडी चालू लागते. ह्यास उपाय एकच, आणि तो बिनखर्चाचा: जी चाके जमिनीवर राहणार त्यांस पुढून व मागून लाकडी ठोकळे ठोकून बसवावे. गोल धोंडा नको. त्यावरून चाक चढते.

घोड्यांविषयीही डोळे उघडे ठेवले पाहिजेत. त्यांवर लिहिलेले वजन पुष्कळदा जोडीचे असते, एकीचे नव्हे. दुकानदारास स्पष्ट विचारावे. अमेरिकेत 2020 साली एका मोठ्या व्यापारी कंपनीस दातेरी पट्टीच्या सुमारे सतरा लाख घोड्या परत मागवाव्या लागल्या, कारण काहींचे दाते खिटीत नीट बसत नव्हते व भाराखाली घोडी एकदम खाली येण्याचा धोका होता. पुढे बदली दिलेल्यांपैकी काहींच्या जोडकामातही दोष निघाला. ह्यास्तव आम्हांस आरपार भोकातून जाड खीळ घालावयाच्या घोड्या अधिक पसंत पडतात. खीळ बसली की नाही हे लहान मुलासही दिसते. घोड्यांऐवजी विटा, चिरे किंवा सिमेंटचे ठोकळे रचणारे महाभाग आहेत. अशा वस्तू भार पेलतात तोवर पेलतात, आणि फुटतात तेव्हा पूर्वसूचना न देता फुटतात. घोड्यांवर गाडी टेकविल्यावर तिला हाताने जोराने हलवून पाहावे; पडावयाची असेल तर ती तेव्हाच पडू द्यावी. काढलेले चाक किंवा स्टेपनी आडवी करून दाराखाली सरकवून ठेवावी, म्हणजे आणखी एक आधार झाला. रस्त्यात चाक बदलताना जवळ घोडी नसते, तेव्हा स्टेपनीचा हा आधार तरी असावाच. आणि गाडीखाली कोणी जाऊ नये. गाडीबरोबर मिळणारा कात्रीसारखा जॅक केवळ चाक बदलण्यापुरता दिलेला असतो.

'वीस वर्षे आम्ही असेच करीत आलो, काही झाले नाही,' हे उत्तर आमच्या परिचयाचे आहे. वीस वर्षांत जॅक एकदाही बसला नाही ह्यावरून रबर आणखी एक वर्ष जुने झाले एवढेच सिद्ध होते. पालकांस आमची विनंती अशी की, मुलगा मदतीस येतो ह्याचे कौतुक अवश्य करावे, त्यास पाना धरण्यास, नट मोजण्यास, ठोकळे बसविण्यास शिकवावे. परंतु तेल सोडण्याची चावी त्याच्या हाती देऊन आपण गाडीखाली शिरू नये, व त्यास तर खाली कदापि पाठवू नये. 'तो बारीक आहे, सहज जातो' हे कारण ऐकून आम्हांस वाईट वाटते. चौदा वर्षांखालील मुलास कामावर ठेवणे 2016 च्या दुरुस्तीपासून कायद्याने सर्वत्र बंद झाले आहे. सुटीत 'काम शिकावयास' म्हणून गॅरेजात धाडलेल्या मुलाच्या बाबतीतही हे आठवावे.

घरात जॅक आधीच असेल तर त्याची परीक्षा सोपी आहे. सपाट फरशीवर चाकांस ठोकळे लावून गाडीचे एक टोक उचलावे, घोड्या खाली पण न टेकलेल्या अशा ठेवाव्या, जॅकच्या भुजेची उंची पट्टीने मोजावी व सर्वांनी दूर होऊन दहा मिनिटे थांबावे. उंची कमी भरली तर जॅक मिस्त्रीकडे न्यावा किंवा मोडीत काढावा. तेल घालणे झाल्यास जॅकचेच घालावे. ब्रेकचे तेल त्यातील रबर बिघडविते. काम संपल्यावर चावी हळूहळू फिरवून गाडी उतरवावी, नट चारी चाके जमिनीवर आल्यावरच शेवटचे घट्ट करावे, आणि जॅक पुसून, भुजा पूर्ण खाली करून, दट्ट्यास तेलाचा हात लावून, समुद्राकडचा वारा लागणार नाही अशा कोपऱ्यात ठेवावा. घोड्या त्याच्या शेजारीच असाव्या.