सुटलेल्या घोड्याचे पालन कोणी करावयाचे?

मुंबईत निव्वळ हौसेच्या फेरफटक्यासाठी घोडागाड्या चालविणे बेकायदेशीर आहे, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये दिला व व्हिक्टोरिया बंद करण्यास एक वर्षाची मुदत दिली. या निर्णयाचे स्वागत झाले, ते योग्यच होते. डांबरी रस्त्यावर झिजलेले खूर, दाटीवाटीचे तबेले आणि उन्हात पाण्यावाचून ताटकळणे हे त्या शाही थाटाचे खरे मोल होते. गाडीवाल्यांच्या आणि घोड्यांच्या पुनर्वसनाची जबाबदारीही न्यायालयाने शासनाकडे सोपविली होती. या दुसऱ्या भागाची चर्चा मात्र फारशी झाली नाही. मार्च २०२१ मध्ये विजेवर चालणाऱ्या बग्ग्या अवतरल्या, त्यांची छायाचित्रे झळकली. गाडीतून सुटलेल्या घोड्याचे छायाचित्र कोण छापणार?

कमाई बंद झाली म्हणून घोड्याची भूक कमी होत नाही. घोडा पंचवीस ते तीस वर्षे जगू शकतो. बाराव्या वर्षी सुटलेल्या जनावराचे निम्म्याहून अधिक आयुष्य शिल्लक असते. चारा, खुराक, नालबंद, पशुवैद्य, मोतद्दाराचा पगार हा खर्च रोजचा आहे. मालकाचे जे काल भांडवल होते, ते आज खर्चाचे कलम बनते आणि अशा मालाची जी गत व्हावयाची तीच होते. तो मिळेल त्या किमतीस विकला जातो. वरातीला, वीटभट्टीला, यात्रेच्या टांग्याला. बंदीने गाडी थांबते, घोड्याची विक्री थांबत नाही. प्रश्न एकट्या मुंबईचाही नाही. २०१२ च्या पशुगणनेत देशात घोडे व तट्टे मिळून सुमारे सव्वासहा लाख होते. २०१९ मध्ये ते ३ लाख ४० हजारांच्या आसपास उरले.

सोडवून आणलेल्या घोड्याला सावरणे हे भाबड्या दयेचे काम नव्हे. उपाशी घोड्यापुढे बादलीभर हरभरा ओतणे ही दयाळू माणसाची नेहमीची चूक होय. दीर्घ उपासमारीनंतर एकदम धान्य पोटात गेले, की रक्तातील फॉस्फरस, पोटॅशियम व मॅग्नेशियम झपाट्याने उतरतात आणि तीन ते पाच दिवसांत घोडा दगावू शकतो. म्हणून आरंभी लसूणघासासारखा चारा, तोही थोडा थोडा, रात्रंदिवस दर चार तासांनी द्यावा लागतो. वजन भरून येण्यास सहा ते दहा महिने लागतात. खूर संपूर्ण नवा वाढण्यास वर्षभराचा काळ जातो. दातांचे टोकदार कंगोरे कानसावे लागतात, नाही तर समोरचा चाराही चावता येत नाही. ग्लँडर्ससारख्या संसर्गाची तपासणी आधी करावी लागते, कारण बाधित जनावर नष्ट करण्यावाचून गत्यंतर नसते. आणि माणसाचा हात वर होताच जो मान मागे फेकतो, त्याचा विश्वास कोणत्या वेळापत्रकाने परत येणार?

या वर्ष-दीड वर्षाचा भार कोणी उचलावयाचा? १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने पहिल्या गुन्ह्यास ठरविलेला दंड दहा ते पन्नास रुपये आहे. जप्त जनावर पांजरपोळात पाठविता येते व त्याच्या पोषणाचा खर्च मालकाकडे मागता येतो. पण मालकच कफल्लक असेल तर ही वसुली कागदावरच राहते. मग भार पडतो तो देणगीदारांवर. मुंबईचा पांजरपोळ १८३४ पासून व्यापाऱ्यांच्या दानावर उभा आहे, ही परंपरा थोरच. तथापि पांजरपोळ मुख्यतः गाईगुरांचे, आणि घोड्याला गोठ्यापेक्षा मोकळे रान अधिक लागते.

नुसता पैसा ओतूनही हे भागत नाही, याचा दाखला कैरोत सापडतो. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश लष्कराने आपले हजारो घोडे ईजिप्तमध्ये विकून टाकले. १९३० मध्ये डोरोथी ब्रूक या इंग्रज बाईंना ते ओझ्याखाली मरणोन्मुख अवस्थेत आढळले. वृत्तपत्रातून आवाहन करून त्यांनी सुमारे पाच हजार घोडे विकत घेतले; त्यांपैकी बहुतेकांना वेदनारहित मरणच द्यावे लागले. पण ते घोडे ज्यांच्याकडून घेतले, ते मालकही दरिद्रीच होते. १९३४ मध्ये बाईंनी रुग्णालय काढले, ते गोरगरिबांच्या जनावरांवर विनामूल्य उपचार करण्यासाठी. मालकाला वगळून घोड्याचा प्रश्न सुटत नाही, हे त्यांना उमगले होते.

बरा झालेला घोडा नव्या घरी पाठविण्याची रीतही विचारात घ्यावी. १९२७ मध्ये स्थापन झालेली ब्रिटनमधील एक अश्वकल्याण संस्था घोडा विकत नाही, सांभाळावयास देते; मालकी संस्थेचीच राहते, निरीक्षक भेट देतात आणि गैरसोय दिसल्यास घोडा परत येतो. आपल्याकडेही जमीन बाळगणारे हौशी शेतकरी व रपेटीच्या शाळा यांना या अटीवर घोडे देता येतील. सांभाळण्यासाठी नोकरीस ठेवावेत ते जुने गाडीवानच. त्यांतील काहींनी चाबूक चालविला, हा आक्षेप खोटा नाही. परंतु दिवसाच्या भाड्यावर पोट अवलंबून असलेला माणूस आणि पगारी मोतद्दार यांच्या वागण्यात फरक पडतो.

राहिला पैशाचा प्रश्न. घोड्यांच्या शर्यतींवरील पैजांतून शासनाला कर मिळतोच. घोड्याच्या पायांवर कमावलेल्या त्या रकमेतील अल्पसा हिस्सा या कामी राखून ठेवण्यास नवा कर बसवावा लागत नाही. अंदाजपत्रकात एक लेखाशीर्ष तेवढे उघडावे लागेल.