मगनवाडीचा हिशेबनीस आणि आमचे मांडव

लग्नसराई संपली की धर्मग्रामाच्या आवारात एक वाक्य हमखास कानी पडते : 'पैसा आमच्या घामाचा, देवाने दिलेला, दोन दिवस हौसेने उधळला तर कुणाचे काय गेले?' या एका वाक्यात तीन दावे गुंफलेले आहेत. पैसा घामाचा आहे, पैसा देवाचा आहे, आणि तो उधळण्याचा अधिकार मात्र केवळ आमचा आहे. पहिला दावा आम्हांला मान्य आहे. दुसरा तर आमच्या श्रद्धेचाच भाग. परंतु दुसरा खरा मानला की तिसरा कोसळतो, हे सांगण्याचे काम आताशा कुणी करीत नाही. कारण वेदीमागची नवी संगमरवरी भिंतही बहुधा त्याच घरांच्या देणगीतून उभी राहिलेली असते.

आमचे भांडण श्रीमंतीशी नाही. अरिमथाईकर योसेफ धनिक होता आणि त्याच्याच कबरीत प्रभूचा देह ठेवला गेला. जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणाऱ्या लुदियाच्या घरात पौलाला आसरा मिळाला. भांडण आहे ते आमच्यात हळूच शिरलेल्या एका शिकवणुकीशी. डामडौल म्हणजे कृपेचा पुरावा, मोठी गाडी म्हणजे ऐकलेली प्रार्थना, आणि ज्याच्या घरी दोन्ही नाही त्याच्या श्रद्धेतच काही उणे असावे, अशी ही शिकवण. ती आम्ही कोणत्याही धर्मशिक्षणाच्या पुस्तकात वाचलेली नाही. तरीही पहिल्या ख्रिस्तप्रसादाला आलेले दहा वर्षांचे मूल ती शेजारच्या मुलाच्या कपड्यांवरून अचूक शिकते.

या वादात आम्ही साक्षीदार बोलावतो तो वर्ध्याचा. सहलीच्या बसगाड्या सेवाग्रामला जातात, बापूकुटीच्या मातीच्या भिंतींसमोर छायाचित्रे निघतात आणि मंडळी परततात. त्याच वर्ध्यात मगनवाडी आहे. तेथे जोसेफ चेल्लादुराई कॉर्नेलियस या नावाचा एक ख्रिस्ती मनुष्य वर्षानुवर्षे राबला, याची आमच्या किती कुटुंबांना वार्ता आहे? जग त्यांना जे. सी. कुमारप्पा म्हणून ओळखते. ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावरला जन्म. लंडनमध्ये हिशेबतपासनिसाचे शिक्षण. मुंबईत स्वतःची पेढी. पुढे अमेरिकेत सिरॅक्यूज आणि कोलंबिया विद्यापीठांतून अर्थशास्त्राचा अभ्यास. विलायती पेहरावातल्या या गृहस्थाची आणि गांधीजींची गाठ १९२९ च्या मे महिन्यात साबरमतीला पडली. १९३४ च्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला तेव्हा त्याचे चिटणीसपद कुमारप्पांकडे आले. जमनालाल बजाजांनी दिलेल्या जागेवर मगनवाडीत तेलघाणी, हातकागद, मधमाशीपालन असे उद्योग उभे राहिले. १९३८ मध्ये मगन संग्रहालयही उघडले. कुमारप्पा कॅथलिक नव्हते, अँग्लिकन घराण्यातले होते. एवढ्या कारणाने आम्ही त्यांना परके मानले असेल तर तो आमचाच करंटेपणा.

'छोडो भारत' आंदोलनात तुरुंगवास घडला तेव्हा जबलपूरच्या कारागृहात त्यांनी दोन पुस्तके लिहिली. एक येशूच्या आचारविचारांवर, दुसरे शाश्वत अर्थव्यवस्थेवर. दोन्ही १९४५ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि ती एकाच माणसाने एकाच कोठडीत लिहिली हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. दुसऱ्या पुस्तकात त्यांनी सृष्टीतल्या उदाहरणांवरून अर्थव्यवहाराच्या पाच पायऱ्या मांडल्या. वाघ ज्यावर जगतो त्याचाच जीव घेतो. माकड आमराईतली फळे खाते, पण आमराईसाठी काही करीत नाही. पक्षी आपले घरटे आपण विणतो. मधमाशी गोळा करते ती पोळ्यासाठी. आणि सर्वांत वर पिलांना भरवणारी पक्षीण, जी मोबदल्याचा विचारही करीत नाही.

ही पट्टी घेऊन आमच्या एखाद्या मांडवात शिरावे. बापाने भविष्यनिर्वाह निधी मोडला, आईने वाडी गहाण टाकली, मुलाने हप्त्यावर कर्ज उचलले, आणि चार तासांच्या जेवणावळीत सारे संपले. हे कोणत्या पायरीवर बसवावे? आम्ही कठोर बोलतो आहोत असे वाटेल. परंतु येथे वाघ जे खातो ते स्वतःच्याच घरातले असते, एवढाच फरक.

यावर काना गावच्या लग्नाचा दाखला पुढे येतो. प्रभूने सहा रांजण भरून द्राक्षारस केला, मग आम्हीच हात का आखडावा? वस्तुतः त्या घरात द्राक्षारस संपला होता. म्हणजे यजमान बेताचाच असावा. प्रभूने तेथे एका सामान्य कुटुंबाची लाज राखली, आणि ती कशी राखली हे फक्त चाकरांना ठाऊक होते. आमच्या मेजवान्यांचे उद्दिष्ट नेमके उलटे असते. कुणी काय आणि किती दिले हे चाकरांवाचून इतर सर्वांना कळावे, हे ते उद्दिष्ट. (वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. तेथील भाविकांची लग्ने लागत नाहीत असे आम्ही ऐकलेले नाही.)

बेथानीतील सुगंधी तेलाचा दाखला याहून अवघड, आणि तो आम्ही टाळणार नाही. मोलवान तेल ओतणाऱ्या त्या स्त्रीची प्रभूने पाठराखण केली. गरिबांचे नाव पुढे करून कुरकुर करणारा यहूदा होता, आणि पैशाची थैलीही त्याच्याकडेच होती. म्हणून इतरांना काटकसर शिकवणाऱ्यांनी, आमच्यासह, आपली थैली आधी तपासावी हे योग्यच. मात्र त्या स्त्रीने ते तेल स्वतःच्या केसांना लावले नाही. मरणाच्या वाटेवर निघालेल्याच्या देहावर तिने ते रिते केले. आजाऱ्याच्या उशाशी, मृताच्या घरी, निराधाराच्या पानात कुणी एवढी उधळपट्टी करील तर आम्ही त्याच्याविरुद्ध अक्षर लिहिणार नाही.

लाजराच्या दाखल्यातील श्रीमंतावर चोरीचा आरोप नाही, फसवणुकीचाही नाही. तो रोज चांगले जेवत होता आणि दाराशी कुणीतरी पडलेले होते, एवढेच. वर्धा जिल्हा हे तसेच एक दार आहे. २००६ मध्ये शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे केंद्र सरकारने विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. त्या सहांत कापूस पिकवणारा वर्धाही होता. आज त्याच जिल्ह्यातून मुंबई–नागपूर महामार्ग जातो, ७०१ किलोमीटरचा, आणि त्याचे नाव समृद्धी. नाव ठेवणाऱ्यांनी ते निष्पापपणे ठेवले असणार.

साधेपणा हेही एक सोंगच, गांधींना गरिबीत ठेवायला किती खर्च येतो, हा सरोजिनी नायडूंचा म्हणून सांगितला जाणारा विनोदही आम्हांला ऐकवला जातो. विनोदात तथ्य आहे. म्हणूनच आम्हांला कुटीपेक्षा हिशेबनीस अधिक जवळचा वाटतो. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर मदतनिधीचे हिशेब कुमारप्पा पाहत होते. गांधीजी परिवारासह तेथे आले तेव्हा त्यांचा खर्च या निधीतून होणार नाही, असे त्यांनी स्पष्ट कळवले. पैसा भूकंपग्रस्तांचा होता. मग पाहुणा कोण, हा प्रश्नच उरत नाही. आमच्या सण-समित्यांत असा एक हिशेबनीस असता तर रोषणाईची किती बिले परत गेली असती! आणि स्त्रियांना दागिन्यांचा मोह सुटत नाही म्हणणाऱ्यांनी जमनालालजींच्या पत्नी जानकीदेवींचे स्मरण करावे. वर्ध्याच्या त्या धनाढ्य घरात त्यांनी अंगावरचे सोने उतरवले, आणि पुढे विहिरींसाठी दान मागत त्या गावोगाव फिरल्या.

चर्चचे अधिकारीही या तपासणीतून सुटत नाहीत. १६ नोव्हेंबर १९६५ रोजी, दुसरी व्हॅटिकन परिषद संपत आली असताना, सुमारे चाळीस बिशपांनी रोमच्या दोमितिल्ला भुयारी दफनभूमीत मिस्सा करून साधे राहण्याचा करार केला. घर, आहार, वाहन सर्वसामान्यांसारखे ठेवायचे, असे त्यांनी लिहून दिले. त्याच चर्चमध्ये लिम्बुर्गच्या बिशपांचे निवासस्थान तीन कोटी युरोंच्या वर गेले आणि २०१४ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. दोन्ही गोष्टी आमच्याच घरच्या आहेत.

गेल्या वर्षी आमच्या परिचयातील एका कुटुंबाने मुलीचे लग्न साठ माणसांत केले. मिस्सा झाली, सभागृहात साधे जेवण झाले, आणि मांडवासाठी राखलेल्या रकमेतून धर्मग्रामातील दोन मुलींचे परिचारिका-शिक्षणाचे शुल्क भरले गेले, तेही नाव न सांगता. पुढचे दोन महिने मुलीच्या आईला रविवारच्या मिस्सानंतर बायका बाजूला घेऊन हळू आवाजात विचारीत होत्या, 'भाऊंची नोकरी गेली की काय?'