आजार एक, कचेऱ्या पाच: वर्धा जिल्ह्यात योजनांचे ‘अभिसरण’ रुग्णाच्या घरापर्यंत का येत नाही?

क्षयरोगाची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते आणि औषधेही मोफत मिळतात. तरीही क्षयरोग झालेले घर कर्जात जाते. असे का होते, हा प्रश्न रुग्णाचे नातेवाईक मला वेगवेगळ्या शब्दांत विचारत असतात. याचे उत्तर औषधांच्या यादीत सापडत नाही, म्हणून आज नेहमीपेक्षा थोडा वेगळा लेख.

एका रुग्णाचे उदाहरण घेऊ. ओळख पटू नये म्हणून नाव-गाव देत नाही. वय चाळिशीच्या पुढे, तीन एकर कोरडवाहू वावर, कापूस आणि थोडी तूर. दोन महिने खोकला अंगावर काढला, मग मेडिकलमधून बाटल्या आणल्या, मग माझ्याकडे आले. वजन ३९ किलो. थुंकीची तपासणी झाली, निदान झाले, गोळ्या सुरू झाल्या. इथपर्यंत यंत्रणा चांगली चालली. त्यानंतरच्या दोन महिन्यांत या नवरा-बायकोच्या तालुक्याला नऊ फेऱ्या झाल्या. त्यांतल्या औषधासाठी फक्त तीन. उरलेल्या सहा फेऱ्या बँक, रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि निराधार योजनेच्या अर्जासाठी. वेचणीचे दिवस होते. प्रत्येक फेरीला बाईची रोजी पडत होती. त्या मला म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, औषध फुकट आहे, पण ते खायला माणूस जगवावा तर लागते ना.”

पाच खिडक्या, पाच कागद

अशा घराला मिळू शकणारी मदत कमी नाही. ती विखुरलेली आहे.

पहिली मदत निक्षय पोषण योजनेची. क्षयरुग्णाला आहारासाठी महिना ५०० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. सहा महिन्यांच्या उपचारात ही रक्कम ३,००० च्या दोन हप्त्यांत थेट बँक खात्यात येते. खाते आधारला जोडलेले नसेल किंवा वर्षानुवर्षे वापरात नसेल, तर पैसे अडकतात. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त वेळ इथेच जातो.

दुसरी रेशनची. अंत्योदय कार्डावर कुटुंबाला महिना ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य मोफत आहे. वर्धा जिल्हा राज्यातल्या चौदा शेतकरी-आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांपैकी आहे. या जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना पूर्वी दोन-तीन रुपये किलोने धान्य मिळे. २०२३ पासून त्याऐवजी माणशी महिना १५० रुपये देण्याचे ठरले, पुढे ते १७० झाले. १७० रुपयांत बाजारातून किती गहू-तांदूळ येतो, हे कोणत्याही घरच्या बाईला विचारा.

तिसरी संजय गांधी निराधार अनुदान योजना, महिना १,५०० रुपये. ही फक्त विधवा आणि दिव्यांगांसाठी आहे असा समज आहे. तो चूक आहे. क्षयरोग, कर्करोग, पक्षाघात, कुष्ठरोग, एड्स अशा आजारांमुळे ज्यांना कमावता येत नाही, तेही यात बसतात. पण वार्षिक उत्पन्नाची सर्वसाधारण अट २१,००० रुपयांची आहे. २०२५-२६ चा रोजगार हमीचा दर ३१२ रुपये धरला, तर शंभर दिवसांचे काम ३१,२०० रुपयांचे होते. म्हणजे एका योजनेचा पूर्ण लाभ घेतलेले घर दुसऱ्या योजनेच्या हिशेबाने गरीबच राहत नाही.

चौथी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. १ जुलै २०२४ पासून ती सर्व रेशनकार्डधारकांना लागू आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. मोठी गोष्ट आहे, यात शंका नाही. मात्र ती मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या, ठरवून दिलेल्या उपचारांची योजना आहे. बाहेरून आणलेल्या गोळ्या, बसभाडे आणि बुडालेली मजुरी तिच्यात येत नाही. जुनाट आजाराच्या घरात पैसा मुख्यतः तिथेच जातो.

पाचवी रोजगार हमी आणि बचत गट. नवरा अंथरुणावर आहे तेव्हा बायकोला गावातच काम मिळणे किंवा गटातून कमी व्याजाचे कर्ज मिळणे, यावर ते घर सावकाराकडे जाते की नाही हे ठरते. हा माझा अंदाज नाही, अनेकदा पाहिलेले आहे.

आता या पाच मदती कोणाच्या हाताखाली आहेत ते बघा. आशा प्राथमिक आरोग्य केंद्राची. अंगणवाडी सेविका एकात्मिक बालविकास योजनेची. ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, पंचायत समितीचे. तलाठी, रेशन आणि निराधार योजना तहसीलच्या. बचत गट ‘उमेद’ किंवा माविमचे. पंचायत समिती आणि तहसील यांच्यात बहुतेक ठिकाणी जेमतेम एका रस्त्याचे अंतर असते, पण एकाचा कागद दुसरीकडे आपोआप जात नाही. तो रुग्ण घेऊन जातो. या साऱ्या व्यवस्थेचा समन्वय अधिकारी म्हणजे ३९ किलो वजनाचा, खोकणारा माणूस.

जेवण हेही औषधच

कुणी म्हणेल, डॉक्टरांनी गोळ्यांचे बोलावे, रेशनचे कशाला? कारण इथे दोन्ही वेगळे काढता येत नाहीत. झारखंडमध्ये झालेल्या ‘रेशन्स’ या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. क्षयरुग्णांच्या घरांत दरमहा धान्य, डाळ असा शिधा दिला गेला. ज्या घरांतल्या माणसांना जादा शिधा मिळाला, त्यांच्यात नव्याने क्षयरोग होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले. रुग्णांमध्येही पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन पाच टक्क्यांनी वाढले, त्यांचा मृत्यूचा धोका सुमारे ६१ टक्क्यांनी कमी आढळला. ३९ किलोच्या माणसाला पाच टक्के म्हणजे साधारण दोन किलो. ते दोन किलो पहिल्या दोन महिन्यांत चढायला हवेत. पोषणाचे पैसे चौथ्या महिन्यात आले, तर कागदावर योजना यशस्वी ठरते, पण तो काळ हातचा गेलेला असतो.

‘अभिसरण’ कशाचे?

१७ सप्टेंबर २०२५ पासून राज्यात मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियान सुरू झाले. चांगले काम करणाऱ्या ग्रामपंचायतींना मोठी बक्षिसे आहेत, राज्यात पहिल्या येणाऱ्या ग्रामपंचायतीला ५ कोटी रुपये. अभियानाच्या घटकांत एक आहे: मनरेगा आणि इतर योजनांचे अभिसरण. अभिसरण हा शब्द आम्ही डॉक्टर रक्ताभिसरण म्हणून शिकलो. रक्त हृदयापासून निघाले एवढ्याने भागत नाही, ते बोटाच्या टोकापर्यंत पोहोचून परत यावे लागते.

सरकारी भाषेत मात्र अभिसरण बहुतेक वेळा कामांचे होते. दोन योजनांचा निधी एकत्र करून रस्ता, विहीर, गोठा, शेततळे. वाईट नाही. विहीर झाली की उत्पन्न वाढते, हे मी नाकारत नाही. पण एका घरासाठी पाच योजना एकत्र आणणे हे वेगळे काम आहे. त्याचा फोटो निघत नाही आणि त्याला मोजमाप पुस्तिकाही नाही.

वर्धा जिल्ह्याने याआधीचे प्रयोग पाहिले आहेत. २००६ मध्ये विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांचे ३,७५० कोटींचे पॅकेज आले. त्यात वर्धा होता, आणि सर्वांत मोठा वाटा सिंचनाचा होता. त्यानंतर याच सहा जिल्ह्यांत आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीच्या मदतीने ‘केम’ प्रकल्प आला. त्याच्या इंग्रजी नावातच अभिसरण हा शब्द होता. शेती, बाजार आणि माविमचे महिला गट यांना जोडण्याचा प्रयत्न झाला. २०१८ मध्ये प्रकल्प संपला. त्याच्या रचनेत आरोग्य हा स्वतंत्र भाग नव्हता. मला ही उणीव मोठी वाटते. कापसाला चार पैसे जास्त मिळाले आणि त्याच वर्षी घरात एक ऑपरेशन निघाले, तर त्या चार पैशांचे काय झाले हे सांगायला नको.

याउलट सेवाग्रामचा एक जुना प्रयोग आजारापासूनच सुरू झाला होता. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून कस्तुरबा रुग्णालयाने आसपासच्या गावांत ज्वारीवर आधारित आरोग्य विमा चालवला. डॉ. उल्हास जाजू यांचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. सुगीला प्रत्येक घराने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची. ज्याची जमीन जास्त त्याचा वाटा जास्त, उपचार मात्र सर्वांना सारखे. गावातली बहुसंख्य कुटुंबे सामील झाली तरच गाव योजनेत. त्यामुळे कोण आजारी आहे, कोणाची वर्गणी राहिली, कोणाला नेऊन पोहोचवायचे, हे गावालाच बघावे लागे. मी त्या काळाबद्दल भाबडा नाही. तेव्हा सीटी स्कॅन नव्हता आणि खर्चही आजच्यासारखे नव्हते. पण गाव हा हिशेबाचा एकक होता, एवढे त्यातून घेण्यासारखे आहे.

मोजले जाते ते होते

आरोग्याच्या बाबतीत ग्रामपंचायतीला जबाबदार धरणारी एक योजना सध्या चालू आहे: टीबीमुक्त ग्रामपंचायत. हजार लोकांमागे वर्षाला किमान ३० संशयितांची तपासणी, उपचार यशस्वी होण्याचे प्रमाण ८५ टक्के, पोषणाचा हप्ता मिळालेला असणे, असे निकष आहेत. निकष पूर्ण केल्यास महात्मा गांधींचा पुतळा मिळतो, पहिल्या वर्षी कांस्य, सलग तीन वर्षांनी सोनेरी. सेवाग्रामच्या जिल्ह्यात या बक्षिसाचे मोल वेगळे सांगायला नको. यातल्या पोषणाच्या हप्त्याच्या निकषामुळे सरपंचाला प्रथमच रुग्णाच्या बँक खात्याची चौकशी करावी लागते. दुसरीकडे, रुग्णसंख्या हजारी एक किंवा त्याहून कमी असावी असाही निकष आहे. त्यामुळे “आमच्या गावात टीबी नाही” असे म्हणण्याचा मोह होतो. तपासण्या खरोखर झाल्या का, हे बघितल्याशिवाय टाळ्या वाजवू नयेत.

केरळने याच धर्तीवर पण पूर्ण कुटुंब धरून काम केले. स्थानिक संस्थांमार्फत ६४,००६ अतिगरीब कुटुंबे शोधली. अन्न, आरोग्य, उत्पन्न आणि निवारा या चार गरजांनुसार प्रत्येक घराचा वेगळा आराखडा केला. १ नोव्हेंबर २०२५ रोजी राज्य अतिगरिबीमुक्त जाहीर झाले. यादी कशी ठरली यावर अर्थतज्ज्ञांनी प्रश्न उपस्थित केले आहेत आणि ते रास्त आहेत. शिवाय केरळातल्या पंचायतींकडे पैसा आणि माणसे आपल्यापेक्षा जास्त आहेत. आपल्याकडे वर्धा जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकच कारभार पाहत होते. आरोग्य समितीत तुमच्या गावाचा प्रश्न मांडणारा सदस्यच नव्हता. तरी घरागणिक एक कागद करायला केरळएवढा पैसा लागत नाही. हजार-बाराशे वस्तीच्या गावात दीर्घ आजाराने खचलेली घरे किती असतात? आशाताई बोटांवर मोजून सांगतील.

तुम्ही आज काय करू शकता

प्रत्येक गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. आशा, अंगणवाडी सेविका आणि ग्रामपंचायतीचे लोक तिच्यात एकत्र बसतात. तिला वर्षाला साधारण १०,००० रुपयांचा अबंधित निधी असतो. अडलेल्या रुग्णाच्या तातडीच्या गरजेसाठी त्यातून खर्च होऊ शकतो का, ते समितीला विचारा. निदान झाल्याबरोबर आशाताईंना सांगा की आमची कोणकोणती मदत कुठे अडली आहे ते समितीत ठेवा.

गावातल्या बचत गटांकडून दरवर्षी गरिबी कमी करण्याचा आराखडा तयार होतो आणि तो ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात जातो. गटाच्या बैठकीत आजारामुळे अडचणीत आलेली घरे त्यात लिहून घ्यायला सांगा.

एक काळजी जरूर घ्या. ग्रामसभेत रुग्णाचे नाव आणि आजार वाचून दाखवायला कुणालाही परवानगी देऊ नका. क्षयरोग, एचआयव्ही, मानसिक आजार यांत घराची बदनामी हा खरा त्रास असतो. “अमुक इतकी कुटुंबे, अमुक मदत प्रलंबित” एवढे सभेत पुरते. नावे समितीपुरती राहू द्या.

आधार, रेशन कार्ड, बँक पासबुक, निदानाचा कागद आणि उत्पन्नाचा दाखला यांच्या तीन-तीन प्रती एकाच पिशवीत ठेवा. मोठ्या रुग्णालयात गेल्यावर पैसे भरण्याआधी आरोग्यमित्राला भेटा. जन आरोग्य योजनेचा मदत क्रमांक १५५३८८ आहे. सिकलसेल आणि डायलिसिसच्या रुग्णांना एसटीत प्रवाससवलत आहे, डॉक्टरांकडून तसा दाखला मागा. घरात कुणी फार खचले असेल, झोप उडाली असेल, जगण्यात अर्थ नाही असे बोलत असेल, तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन करा. आशाताईंनाही सांगा, शेतकरी कुटुंबांसाठी प्रेरणा प्रकल्पातून समुपदेशन मिळते.

आणि पैसे आले नाहीत म्हणून गोळ्या थांबवू नका. वर सांगितलेल्या रुग्णाने मधे आठ दिवस थांबवल्या होत्या, कारण तालुक्याला जायचे भाडे त्या आठवड्यात खतात गेले होते. सुदैवाने आशाताईंच्या लक्षात आले आणि त्यांनी औषध घरी आणून दिले. आता वजन ४४ किलो आहे. निराधारचा अर्ज अजून तपासणीत आहे.