दिवा विकत मिळतो, उन्हातला अर्धा तास कुठून आणायचा?

दिवाळी सरून कापसाची वेचणी सुरू झाली, की धारणीत आणि आसपासच्या वस्त्यांत एकच तक्रार आमच्या कानावर येते. "अंगात जीवच नाही राह्यला वो बाई. सकाळी उठावंसं वाटत नाही, कोणाशी बोलावंसं वाटत नाही." पूर्वी याला लोक 'थंडी बाधली' म्हणून सोडून देत. आता मोबाईलवर त्याचं नवं औषध दिसू लागलं आहे, प्रकाशाचा दिवा. सकाळी त्याच्यासमोर बसायचं, की हिवाळ्यातला थकवा आणि उदासी जाते, अशी जाहिरात. किंमत काही हजार रुपये. बाहेरगावी नोकरीला असलेली मुलं आम्हाला विचारतात, "आईसाठी मागवू का?"

आमचं मत सरळ आहे. मागवू नका. हा दिवा खोटा आहे असं आम्ही म्हणत नाही. पण तो ज्या दुखण्यासाठी बनला, ते बहुतेक वेळा आपल्या घरातलं दुखणं नसतं. दिव्यावर पैसे गेले की खरी तपासणी मागे पडते, आणि भीती त्याचीच वाटते.

आधी दिव्याला त्याचं श्रेय देऊ. नॉर्वेच्या उत्तरेला ट्रॉम्सो नावाचं शहर आहे. तिथे नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. अशा थंड देशांत काही माणसं दर हिवाळ्यात उदास होतात, फार झोपतात, गोडधोड जास्त खातात आणि उन्हाळा आला की आपोआप बरी होतात. अमेरिकेतले डॉ. नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली या आजाराचं वर्णन केलं आणि त्यावर प्रकाशाचा उपचार सुचवला. आपल्या डोळ्यांच्या पडद्यात काही पेशी अशा असतात, की त्या सकाळचा उजेड पडला की मेंदूतल्या घड्याळाला 'दिवस उगवला' असा निरोप देतात. निरोप उशिरा गेला किंवा कमी गेला, की झोप आणि मन दोन्ही बिघडतात. म्हणून १०,००० लक्सचा दिवा सकाळी २० ते ३० मिनिटं समोर ठेवतात. लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप. त्या देशांत हा उपचार डॉक्टर देतात आणि अनेकांना त्याचा गुण येतो.

आता हेच माप घेऊन धारणीत या. आपल्याकडे वर्षातला सगळ्यात लहान दिवस, डिसेंबरातला, तोसुद्धा पावणेअकरा तासांच्या आसपास असतो. ट्यूबलाईट लावलेल्या खोलीत साधारण १०० ते ५०० लक्स उजेड असतो. उघड्या अंगणात, सावलीत बसलं तरी हजारोंनी लक्स मिळतात आणि भर उन्हात आकडा एक लाखाच्या घरात जातो. म्हणजे हजारो रुपये देऊन जो दिवा घ्यायचा, त्याच्याहून मोठा दिवा रोज सकाळी सातपुड्याच्या डोंगरामागून वर येतो आणि त्याचं बिल येत नाही.

मग थकवा का? इथे वस्तीतली माणसं दोन गटांत पाहावी लागतात.

पहिला गट दिवसभर उन्हातच असतो. कापूस वेचणारी, सोयाबीन-तूर काढणारी, बांधकामावर विटा वाहणारी बाई. तिला उजेड कमी पडत नाही, तिला रक्त कमी पडतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायांना रक्तक्षय आहे. म्हणजे दोघींतली एक. हिमोग्लोबिन १२ च्या खाली, गरोदरपणी ११ च्या खाली गेलं, की तो रक्तक्षय. चढ चढताना धाप लागणं, पायात गोळे, चिडचिड, कशातच मन न लागणं ही सगळी त्याची लक्षणं. अशा बाईला दिव्यापुढे बसवलं तर तिचं हिमोग्लोबिन एका कणानेही वाढणार नाही.

याच गटात आपल्या विदर्भाचा जुना आजार आहे, सिकलसेल. तो आदिवासी समाजात आहे आणि आपल्या बौद्ध समाजातही मोठ्या प्रमाणात आहे. हे लपवून कोणाचं भलं झालेलं नाही. थंडी लागली, पाणी कमी पिलं, की सिकलसेलच्या रुग्णाच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं, छाती, पोट असह्य दुखतं. हिवाळ्यात ज्या पोराचे सांधे वारंवार दुखतात, डोळे पिवळट दिसतात, शाळा बुडते, त्याला 'आळशी' म्हणण्याआधी रक्त तपासा. आईबाप दोघेही वाहक, म्हणजे एएस असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मूल एसएस, म्हणजे रुग्ण असण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून लग्न ठरवताना पत्रिकेऐवजी सिकलसेलचं कार्ड पाहावं, असं आम्ही सांगत आलो आहोत. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं. त्यात ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी ठरली आहे. ती आपल्या हक्काची तपासणी आहे. एक सूचना मात्र लक्षात ठेवा. सिकलसेलच्या रुग्णाने लोहाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत, डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

दुसरा गट खरोखर अंधारात असतो. टिनाच्या एका खोलीत, जिला दार आहे पण खिडकी नाही, तिथे दिवस काढणारी म्हातारी. रात्रपाळीची चौकीदारी करून दिवसा झोपणारा माणूस. स्पर्धा परीक्षेसाठी पहाटेपासून मोबाईलपुढे बसलेली मुलगी. आणि सगळ्यात जास्त, बाळंतीण. तिला सव्वा महिना बंद खोलीत ठेवायचं, खाली शेगडी, दारावर चादर, उजेड-वारा लागू द्यायचा नाही. त्यात झोपमोड, रक्त गेलेलं आणि मुलगी झाली असेल तर घरच्यांचे टोमणे. ती रडू लागली की लोक म्हणतात बाहेरचं लागलं, आणि दोरा बांधायला नेतात. बाळंतपणानंतरची उदासी हा आजार आहे. त्याला दोरा नको, दार उघडायला हवं आणि डॉक्टर हवा. बाळाला थंडी लागू नये हे बरोबरच. टोपी, मोजे घाला, आईच्या अंगाशी धरा. पण त्यासाठी आईला अंधारात कोंडायची गरज नाही.

या गटाला उजेड औषधासारखा आहे. उठल्यावर पहिल्या तासा-दोन तासांत अर्धा तास बाहेर बसा. सूर्याकडे टक लावून पाहू नका, डोळ्यांना कायमची इजा होते. अंगणात तोंड उजेडाकडे असलं की पुरे. हॅलोजन किंवा बल्ब तोंडापुढे धरण्याचे घरगुती प्रयोग नकोत. आणि दिव्याने 'ड' जीवनसत्त्व मिळतं हा गैरसमज काढून टाका. चांगल्या दिव्यात ते किरण गाळलेले असतात. 'ड' जीवनसत्त्वासाठी ऊन वर आल्यावर, साधारण १० नंतर, हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ बसावं लागतं. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन त्यासाठी चालत नाही.

दिव्याने उपचार होतो हे आम्हा परिचारिकांना नवीन नाही. नवजात बाळाला कावीळ झाली की निळ्या प्रकाशाखाली ठेवतात, ते तुम्ही पाहिलं असेल. त्याची सुरुवात एका परिचारिकेच्या नजरेतून झाली. १९५० च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात सिस्टर जीन वॉर्ड कमी दिवसांच्या बाळांना उन्हात नेत. जिथे ऊन लागलं तिथली कातडी कमी पिवळी होते, हे त्यांनी हेरलं आणि त्यातून पुढे तो उपचार आला. पण आज कावीळ झालेल्या बाळाला घरीच उन्हात ठेवून वाट पाहू नका, दवाखान्यातच न्या. योग्य आजाराला योग्य प्रकाश, योग्य वेळ, आणि देणारा जाणकार, तरच तो उपचार.

आता मूळ मुद्द्यावर येतो. ऊन फुकट आहे, पण उन्हात बसायला लागणारा वेळ आपल्या बायांसाठी फुकट नाही. सकाळची ती वेळ पाणी भरण्याची, स्वयंपाकाची, डब्यांची, मुलांच्या शाळेची. तपासणीला जायचं तर दिवसाची मजुरी बुडते. बाबासाहेब मजूर खात्याचे सदस्य असताना १९४६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि वर्षभर चालणाऱ्या कारखान्यांतला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. माणसाला विश्रांती हवी, हे त्यांनी कायद्यात आणलं. घरातल्या बाईच्या कामाच्या तासांना मात्र आजही हद्द नाही. ती हद्द आपल्यालाच आपल्या घरात घालावी लागेल.

म्हणून आम्ही तीन गोष्टी मागतो.

एक, घरातल्या पुरुषांकडे. सकाळचा अर्धा तास पाणी तुम्ही भरा, चहा तुम्ही ठेवा. तेवढा वेळ तिला अंगणात बसू द्या. हे उपकार म्हणून करू नका, औषधाची वेळ पाळता तसं करा.

दोन, गावाच्या कारभाऱ्यांकडे. घरकुल बांधताना प्रत्येक खोलीला समोरासमोर खिडक्या झाल्याच पाहिजेत. मंजुरीच्या वेळी बायांनी ग्रामसभेत, नगरपंचायतीत हे बोलून दाखवावं.

तीन, विहार समितीकडे. महिन्यातल्या एका रविवारी वंदनेनंतर विहाराच्या अंगणातच हिमोग्लोबिन आणि सिकलसेलची तपासणी ठेवा. आशाताईंशी, उपकेंद्राशी आधी बोलून घ्या. मजुरी बुडणार नाही आणि बाया एकमेकींशी बोलतील, तेही उन्हात.

एवढं करूनही थकवा जात नसेल तर उपजिल्हा रुग्णालयात जाऊन थायरॉईड, साखर आणि बी-१२ तपासा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी करा. आणि मन दोन आठवडे सलग उदास असेल, भूक-झोप उडाली असेल, जगणं नको वाटत असेल, तर वाट पाहू नका. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे. फोन फुकट लागतो, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. ज्याला असे विचार येत आहेत त्याला एकटं ठेवू नका.

एखाद्याला डॉक्टरांनीच प्रकाशाचा दिवा लिहून दिला असेल, तर जरूर घ्या. डोळ्याचा आजार असलेल्यांनी, आणि मन कधी फार चढतं कधी फार पडतं अशा आजाराची औषधं घेणाऱ्यांनी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो वापरू नये. बाकीच्यांनी ते पैसे राखून ठेवावेत. त्यात घरातल्या सगळ्यांना स्वेटर येतील आणि महिनाभर गूळ-शेंगदाणे, पालक, लिंबू, अंडी येतील. जेवणाबरोबरचा चहा मात्र तासभर पुढे ढकला, म्हणजे त्यातलं लोह अंगी लागेल.