न पाहिलेला माल आणि यंत्राचा मुनीम

आमच्या कापड बाजारात एजंट म्हटले की दलाल डोळ्यांसमोर येतो. आता संगणकवाल्यांनीही हाच शब्द उचलला आहे. त्यांचा 'एआय एजंट' ग्राहकाच्या संदेशाला नुसते उत्तर देऊन थांबत नाही. तो शिल्लक माल पाहतो, भाव काढतो, ऑर्डरही नोंदवतो. ही सोय घ्यावी की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. घेणाऱ्या बांधवांना मात्र आमचे एक सांगणे आहे. त्या एजंटाच्या हाती जी अवजारे द्याल, त्यांचे वर्णन स्वतः लिहा; निदान स्वतः वाचल्याशिवाय मंजूर करू नका.

हे वर्णन म्हणजे काय, ते आधी पाहू. एजंट जे काम करतो, ते त्याला दिलेल्या 'टूल'मार्फत करतो. जून २०२३ मध्ये ओपनएआय कंपनीने अशी सोय प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी खुली केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने टूल जोडण्याची एक सामाईक पद्धत जाहीर केली. पद्धत कोणतीही असो, एजंटासमोर मुख्यतः तीन गोष्टी येतात: टूलचे नाव, ते काय करते याचे साध्या भाषेतील वर्णन आणि त्यात भरायच्या माहितीची यादी. टूलच्या आतला प्रोग्राम त्याला सहसा दिसत नाही. तुमचे गोदाम तर त्याने कधीच पाहिलेले नाही. वर्णनात जे राहून जाते, ते तो अंदाजाने भरून काढतो.

समजा, मालेगावच्या एका व्यापाऱ्याच्या टूलवर एवढेच लिहिले आहे: 'मालाची माहिती देते.' ग्राहक विचारतो, अमुक कापडाचे दहा तागे सोमवारी मिळतील काय? टूल आकडा देते, ४०००. हे मीटर की तागे? गोदामात हजर असलेले की अजून मागावर असलेले? दुसऱ्या कोणाला कबूल केलेला माल यात धरला आहे काय? दुकानातला पोरगा हे सारे मागे वळून विचारील. एजंट बहुधा 'होय, मिळतील' म्हणून मोकळा होईल आणि ग्राहक बयाणा पाठवील.

आमच्या वाचकांना हा प्रश्न नवा वाटू नये. समोर नसलेल्या मालाचा सौदा आमच्याकडे 'सलम' या नावाने शतकानुशतके ठाऊक आहे. मदीनेत लोक खजुरांसाठी वर्ष-दोन वर्षे आधी रक्कम देत असत. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ती पद्धत बंद केली नाही, माप, वजन आणि मुदत ठरलेली असावी, अशी अट घातली. फिकहच्या विद्वानांनी यावरून मालाचा प्रकार, दर्जा, परिमाण आणि मुदत स्पष्ट करणे आवश्यक मानले. कारण उघड आहे. डोळ्यांना माल दिसत नाही, तेव्हा वर्णनच मालाच्या जागी उभे राहते. त्यात संदिग्धता राहिली की तोच 'गरर', आणि भांडणाचे मूळ तेथेच असते.

तर मग चांगले वर्णन कसे असावे? आमच्या मते असे: 'हे टूल गोदामात हजर असलेला व कोणालाही कबूल न केलेला माल सांगते. आकडा मीटरमध्ये असतो. मागावरचा माल यात धरलेला नाही. भाव यातून कळत नाही. त्यासाठी भावाचे टूल वापरावे. कापडाचा क्वालिटी नंबर ठाऊक नसेल तर ग्राहकाला विचारावा, अंदाजाने भरू नये. उत्तर रिकामे आल्यास माल संपला असे सांगू नये, मालकाकडे विचारणा पाठवावी.' काय करते, काय करत नाही, कधी वापरावे, माप कोणते आणि अडल्यास काय करावे, एवढे आले की पुरे. तारखेचेही तसेच. ०५/०६ म्हणजे भारतात ५ जून, अमेरिकेतील ग्राहकाला ६ मे. लिहिण्याची रीत वर्णनातच ठरवून द्यावी.

हे संगणकवाल्याचे काम आहे, असे काही बांधव म्हणतील. पण तागा आणि मीटर यांतला फरक त्याला कोण सांगणार? मिरजेच्या कारागिराकडे तंबोरा मागितला की पुरुष गायकासाठी की स्त्री गायिकेसाठी, हे तो आधी विचारतो. ही गोष्ट कारागिराला ठाऊक, प्रोग्राम लिहिणाऱ्याला नव्हे.

जबाबदारी तर टाळताच येत नाही. कॅनडात एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरील चॅटबॉटने एका प्रवाशाला भाडे-सवलतीची चुकीची माहिती दिली. चॅटबॉटच्या बोलण्याला आपण बांधील नाही, असा बचाव कंपनीने केला. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये तो फेटाळला आणि भरपाई द्यायला लावली. हा निकाल आपल्याकडे लागू नाही. पण आमच्या बाजारात तरी यंत्राची सबब कोण ऐकून घेणार?

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. वर्णन चांगले असले म्हणजे कुलूप लागले, असे नव्हे. वर्णन वाचूनही एजंट चुकू शकतो. म्हणून पैसे परत करणे, मोठी ऑर्डर पक्की करणे, अशा कामांना मालकाच्या मंजुरीची अट प्रोग्राममध्येच घालावी. भाराभर टूल आणि पानभर वर्णने यांनीही गोंधळच वाढतो.

पारख सोपी आहे. वर्णनाचा कागद धंद्याबाहेरच्या एखाद्या शहाण्या माणसाच्या हाती द्या आणि ग्राहकांचे नेहमीचे दहा प्रश्न त्याला विचारा. कोणते टूल, कोणत्या मापाने, हे केवळ कागदावरून त्याला सांगता आले नाही, तर कागद पुन्हा लिहा. व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद पवित्र कुरआनच्या सर्वांत दीर्घ आयतीत आहे, आणि लेखकाने न्यायाने लिहावे, हेही तेथेच सांगितले आहे. मुनीम यंत्राचा असला तरी पेढीवर नाव तुमचे आहे. ती अमानत सांभाळण्याची सुरुवात या चार ओळी नीट लिहिण्यापासून व्हावी.